टोकियो डिस्नी: तिकिटाच्या दुप्पट पैसे बाजूला ठेवा

थीम पार्कचे आराखडे करण्याच्या धंद्यात असल्यामुळे सुट्ट्या जवळ आल्या की नात्यातून, सोसायटीतून विचारणा सुरू होते. प्रश्न ठरलेला असतो: टोकियो डिस्नीचं तिकीट कितीला पडतं? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर मिळालं तरी खर्च निम्माच कळतो. तिथली दोन्ही पार्कं ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी डिस्नीकडून परवाना घेऊन चालवते आणि दरवर्षी आपला हिशेब जाहीर करते. २०२३-२४ या वर्षात आलेल्या प्रत्येक पाहुण्यामागे कंपनीला सरासरी साडेसोळा हजार येनच्या वर मिळाले. त्यात प्रवेशाचा वाटा निम्म्याच्या आसपास. बाकीचे पैसे खाण्यापिण्यात, कानवाल्या टोप्यांत आणि गळ्यात अडकवायच्या पॉपकॉर्नच्या बादल्यांत गेले. तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या तिकिटांची बेरीज करा, तिची दुप्पट करा, आणि तेवढी रक्कम त्या एका दिवसासाठी वेगळी काढा. विमान, हॉटेल, व्हिसा यांचा हिशेब निराळा. इथे फक्त पार्कातल्या दिवसाबद्दल बोलू.

पार्कं दोन आहेत, शेजारीशेजारी, टोकियो उपसागरात भराव घालून केलेल्या जमिनीवर. डिस्नीलँड १५ एप्रिल १९८३ला उघडलं, डिस्नीसी ४ सप्टेंबर २००१ला. साधं एक दिवसाचं तिकीट कुठल्यातरी एकाच पार्कचं असतं. पोरं लहान असतील तर डिस्नीलँड. पोरं दहा-बारा वर्षांच्या पुढे गेली असतील, किंवा तुम्ही अमेरिका, पॅरिस, हाँगकाँग यांपैकी एखादं डिस्नीलँड आधी पाहिलेलं असेल, तर डिस्नीसी. कारण त्याची जोड जगात दुसरीकडे कुठेही नाही. बंदर, ज्वालामुखी, कालवे, अरबी बाजार असं सगळं पाण्याभोवती रचलेलं आहे. आमच्या धंद्यातली माणसं जपानला गेली की पहिली तिथे जातात. मला एकच निवडायला सांगितलं तर मी डिस्नीसी निवडेन, मात्र पायांची तयारी ठेवा, अंतरं मोठी आहेत.

महाग दिवस म्हणजे गर्दीचा दिवस

डिस्नीलँड उघडलं तेव्हा दिवसभराचा ‘पासपोर्ट’ (तिकिटाला तिथे हेच नाव) ३,९०० येनला होता. मार्च २०२१पासून तारखेप्रमाणे दर बदलू लागला. ऑक्टोबर २०२३पासूनच्या दरपत्रकात १८ वर्षांवरच्यांना ७,९०० ते १०,९०० येन, १२ ते १७ वयोगटाला ६,६०० ते ९,०००, ४ ते ११च्या मुलांना ४,७०० ते ५,६००, आणि चार वर्षांखालच्यांना फुकट. येन साधारण ६० पैशांना धरला तर मोठ्या माणसाचं तिकीट ४,७४०पासून ६,५४० रुपयांपर्यंत जातं. जपानचा १० टक्के उपभोग कर या दरात आलेलाच असतो, आणि टिप द्यायची पद्धत तिथे नाही. निघण्याआधी अधिकृत ॲपवरचं दरांचं कॅलेंडर आणि येनचा त्या दिवसाचा भाव, दोन्ही बघून घ्या.

लोक हे कॅलेंडर स्वस्त तारीख शोधायला उघडतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. त्या दिवशी किती गर्दी होणार याचा अंदाज सगळ्यात चांगला कुणाला असेल, तर तो पार्क चालवणाऱ्यांना. आणि तो अंदाज ते किमतीच्या रूपात दोन महिने आधी जगजाहीर करतात. १०,९०० लिहिलेला दिवस म्हणजे तुडुंब दिवस.

हे नीट कळायला पार्क बांधताना काय चालतं ते सांगायला हवं. वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसासाठी पार्क कुणीच बांधत नाही, कारण मग उरलेलं वर्षभर निम्म्या राइड रिकाम्या फिरतील. म्हणून एक ‘डिझाइन डे’ धरतात. गर्दीच्या दिवसांची उतरती यादी केली तर त्यात वरून पंधराव्या-विसाव्या क्रमांकावर येईल असा एखादा दिवस. रस्त्यांची रुंदी, स्वच्छतागृहं, जेवणाची टेबलं, राइडची क्षमता हे सगळं त्या आकड्यावर बेततात. त्याच्या वरच्या दिवसांत पार्क अपुरं पडणार, हे कागदावरच ठरलेलं असतं. वाढीव दराचं तिकीट काढून गेलेला माणूस नेमका त्याच दिवसांत आत शिरतो.

म्हणून तिकिटाची किंमत राइडच्या संख्येने भागा. समजा ७,९००च्या दिवशी दहा राइड झाल्या, तर एक पडली ७९० येनला. १०,९००च्या दिवशी पाचच झाल्या, तर एक २,१८० येनला. तिकीट ३८ टक्क्यांनी महाग, पण हाती आलं त्याच्या हिशेबात पावणेतीनपट. इंटरनेटवर शे-दोनशे येनची सूट शोधत रात्र घालवण्यापेक्षा सहलीचे दिवस मागेपुढे करणं कितीतरी फायद्याचं.

आता आपल्याकडची अडचण. मराठी कुटुंबं जपानला जातात ती साकुरा बघायला मार्चअखेर-एप्रिलमध्ये, नाहीतर परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये. मार्चअखेर जपानी शाळांना वसंताची सुट्टी असते, आणि २९ एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ‘गोल्डन वीक’. दोन्ही वेळा अख्खा जपान घराबाहेर असतो. त्याउलट गोल्डन वीक संपल्यावर मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सुट्टी अजून चालू असते आणि तिकडे सगळे कामावर परतलेले असतात. सहल आखताना हे दहा-बारा दिवस पकडा. शाळेच्या सहली तेव्हाही येतात, पण ती गर्दी सोसण्यासारखी असते. त्यातही मंगळवार ते गुरुवार बरा. रविवारी शाळेत क्रीडादिन झाला की सोमवारी मुलांना बदली सुट्टी मिळते आणि ती मुलं कुठे येतात हे सांगायला नको. १५ जून टाळा: तो चिबा प्रांताचा नागरिक दिन, शाळा बंद, आणि नावात टोकियो असलं तरी पार्क चिबातच आहे. १ ऑक्टोबरला टोकियोचा असाच दिवस असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ऑक्टोबर संपू द्या, कारण हॅलोविनच्या काळात विशेषतः शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. जूनमध्ये पाऊस असतो, पण बऱ्याच राइड छपराखाली आहेत आणि डिस्नीलँडच्या प्रवेशाच्या बाजारपेठेवर तर जपानी पावसामुळेच काचेचं छत घातलेलं आहे. आषाढ काढलेल्या माणसांनी तिथल्या सरींना भ्यायचं कारण नाही. रेनकोट मात्र बाहेरच्या शंभर येनच्या दुकानातून घेऊन जा.

कामावरून सुटलेल्यांसाठी संध्याकाळी पाचनंतरचं तिकीटही असतं, फक्त कामाच्या दिवसांचं, ४,५०० ते ६,२०० येनला. मुलं बरोबर नसलेल्या जोडप्याला मी तेच सुचवतो. डिस्नीसीची वास्तुरचना दिव्यांच्या उजेडात दिवसापेक्षा उजवी दिसते, आणि शेवटच्या दीड-दोन तासांत रांगा ओसरतात. पोरांना घेऊन मात्र या तिकिटाच्या फंदात पडू नका; पोरं दमतील, तुम्ही चिडाल, आणि वाचवलेले पैसे टॅक्सीत जातील.

रांगेचं गणित

प्रत्येक राइडचा एक आकडा असतो: तासाला किती माणसं बसवून उतरवते. बाहेरच्या माणसाला हा आकडा कुणी सांगत नाही, पण राइडकडे दोन मिनिटं नीट बघितलं तर तो काढता येतो. समजा हत्तींचं चक्र आहे, सोळा हत्ती, एकेकात दोन माणसं. चढणं, पट्टे बांधणं, फिरणं, उतरणं मिळून तीन मिनिटं. म्हणजे तासाला वीस फेऱ्या, ६४० माणसं, तीही एकही हत्ती रिकामा न गेला तर. आता ‘हाँटेड मॅन्शन’ घ्या. तिथे खुर्च्यांची अखंड साखळी कधीच थांबत नाही, माणसं सरकत्या पट्ट्यावरून चालताचालता बसतात. डिस्नीने ही पद्धत कॅलिफोर्नियात १९६७मध्ये पहिल्यांदा वापरली. अशी राइड तासाला दोन हजारांच्या वर माणसं सहज काढते.

दोन्हींच्या बाहेर तीनशे माणसं उभी आहेत असं धरा. हत्तीला अर्धा तास, भुताच्या वाड्याला नऊ-दहा मिनिटं. तरी लांबून पाहणाऱ्याला वाड्याची रांगच मोठी वाटते, कारण ती सतत सरकत असते.

तर नियम असा: सकाळचा पहिला तास कमी क्षमतेच्या राइडना द्या. डिस्नीलँडमध्ये डंबो, पीटर पॅन असल्या लहान मुलांच्या जुन्या राइड. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’, ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’, ‘हाँटेड मॅन्शन’ दुपारी कधीही होतात. लोक याच्या बरोबर उलट करतात, कारण आम्ही त्यांच्याकडून ते करवून घेतो. दारातून आत आलं की समोर ५१ मीटर उंच सिंड्रेलाचा किल्ला दिसतो. वरच्या भागातली दगडं, खिडक्या मुद्दाम लहान केलेली असल्यामुळे तो आहे त्याहून उंच भासतो. त्याचं कामच मुळी माणसांना दारापासून ओढून मध्यावर आणणं, म्हणजे दार मोकळं होतं. तुम्ही त्याच्याकडे न बघता बाजूने निघून जा. फोटो संध्याकाळी काढा, उजेडही तेव्हाच चांगला असतो.

आणखी दोन गोष्टी. जाहीर केलेल्या वेळेच्या आधीच दरवाजे उघडतात, तेव्हा तासभर अगोदर जाऊन उभे राहा. आणि बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत शिरलेल्यांना बहुतेक राइडवर बसवूनच सोडतात. म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत एखादी मोठी राइड पदरात पडते. फलकावर लिहिलेली मिनिटं बऱ्याचदा थोडी वाढवून लिहिलेली असतात. तासाच्या जागी पन्नास मिनिटांत नंबर आला की गिऱ्हाईक खूश होतं, हे या धंद्यातलं फार जुनं शहाणपण आहे.

पैसे देऊन रांग टाळायची सोयही आहे. तिचं नाव ‘डिस्नी प्रीमियर ॲक्सेस’, दर माणशी दर राइड १,५०० ते २,५०० येन. पार्कात शिरल्यावर ॲपवरून घ्यायची. मला ही जुन्या कुपनांची परतफेरी वाटते. १९५५मध्ये कॅलिफोर्नियात पहिलं डिस्नीलँड उघडलं तेव्हा प्रवेश वेगळा आणि प्रत्येक राइडचं तिकीट वेगळं होतं. पुढे ए, बी, सी अशी कुपनांची पुस्तकं आली, १९५९मध्ये सगळ्यात चांगल्या राइडसाठी ‘ई’ आलं, आणि १९८२मध्ये ती पद्धत बंद करून सरसकट एक तिकीट झालं. चाळीस वर्षांनी कुपन परत आलं, फक्त आता ते फोनमध्ये निघतं. चौघांसाठी एका राइडचे सहा ते दहा हजार येन होतात. सगळीकडे घेऊ नका. एकच राइड निवडा, तीही फलकावर ९० मिनिटांच्या वर आकडा असेल तर: डिस्नीलँडमध्ये ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, डिस्नीसीत ‘सोअरिंग’ किंवा फॅन्टसी स्प्रिंग्जमधली ‘फ्रोझन’ची राइड. फॅन्टसी स्प्रिंग्ज हे डिस्नीसीतलं नवं दालन जून २०२४मध्ये उघडलं. ३२० अब्ज येन, म्हणजे १९ हजार कोटी रुपयांच्या वर खर्चून बांधलेलं. ते पैसे कुठून वसूल व्हायचे हे उघड आहे. काही राइडसाठी फुकटचा प्रायॉरिटी पासही ॲपवर निघतो. मिळत असेल तर आत शिरल्याशिरल्या तो आधी घ्या, पैशाचा नंतर.

पैसे भरण्याआधी पोरांची उंची मोजा. डिस्नीसीत इंडियाना जोन्स आणि ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ला ११७ सेंटीमीटर लागतात, ‘टॉवर ऑफ टेरर’ आणि ‘सोअरिंग’ला १०२. दारावर पट्टी लावून मोजतात आणि कुणाचंही ऐकत नाहीत. बंद राइडची यादीही ॲपवर असते: डिस्नीलँडची ‘स्पेस माउंटन’ २०२४मध्ये बंद केली, नवी २०२७मध्ये येणार आहे. आणि राइडमधले, खेळांमधले संवाद जपानीत असतात, हे आधीच सांगून ठेवतो. गप्पांवर चालणारे खेळ पैसे देऊन तर नकोच.

डबा, करी आणि बादली

बाहेरचा जेवणाचा डबा आत नेता येत नाही. बाटलीतलं पाणी चालतं आणि पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत, तेव्हा पाण्यावर एक येनही घालवू नका. दाराबाहेर डबा खायला वेगळी जागा केलेली आहे आणि त्याच दिवशी पुन्हा आत येता येतं. म्हणजे दशम्या-चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या असं काही घेऊन गेलात तर दुपारी बाहेर येऊन खाता येईल. शाकाहारी घरांसाठी मी हेच सुचवेन. (मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं भारतातून जपानमध्ये नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.) आतल्या साध्या उपाहारगृहात एका माणसाचं जेवण दीड ते दोन हजार येनला पडतं. डिस्नीसीच्या अरबी भागातल्या कॅस्बा फूड कोर्टमध्ये करी आणि नान मिळतं, तिथे भारतीय कुटुंबांची गर्दी दिसते. पण करी म्हणजे शाकाहारी असं समजू नका, आणि जपानी रश्श्यात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, भाजी दिसली तरी. विचारून घ्या.

पॉपकॉर्न हे इथलं प्रकरणच वेगळं: कॅरामेल, करी, सोया सॉस, प्रत्येक कोपऱ्यावर निराळी चव, आणि वास वाऱ्यावर. साधा कागदी पुडा स्वस्त असतो. चित्राची बादली दोन-अडीच हजार येनपासून पुढे जाते आणि घरी आल्यावर ती माळ्यावर पडते. घ्यायचीच असेल तर चौघांत एक घ्या आणि तीच पुन्हापुन्हा भरून घ्या.

खरेदीचं एका ओळीत: प्रत्येकाला येताजाता ज्या बाजारपेठेतून जावंच लागतं तिथे, बंद होण्याच्या वेळी, दमलेल्या पोरांना घेऊन खरेदी करू नका. पार्कांजवळचं माइहामा स्टेशन आणि डिस्नीलँड यांच्यामध्ये ‘बाँ व्होयाज’ नावाचं मोठं दुकान आहे. तिथे शिरायला पार्कचं तिकीट लागत नाही आणि आतल्या बऱ्याच वस्तू तिथे मिळतात.

राहायचं कुठे

डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलात उतरलात तर पार्कात १५ मिनिटं लवकर सोडतात. आवारातल्या इतर साखळ्यांच्या ‘अधिकृत’ हॉटेलांना ही सवलत नाही. नावाला फसू नका. त्या १५ मिनिटांत लोकप्रिय राइड हमखास होते हे खरं, पण खोलीच्या दरातला फरक पाहिला तर त्यापेक्षा प्रीमियर ॲक्सेस स्वस्त पडतं. मी टोकियोतच राहीन. टोकियो स्टेशनहून केइयो मार्गाने माइहामाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, भाडं अडीचशे येनच्या आसपास. फक्त या मार्गाचे फलाट टोकियो स्टेशनात इतके लांब आहेत की गाडीइतकाच वेळ चालण्यात जातो. त्याऐवजी पुढच्याच हाच्चोबोरी स्टेशनाजवळ खोली बघा. माइहामाहून डिस्नीलँड समोरच आहे. डिस्नीसीला नेणाऱ्या मोनोरेलचे ३०० येन पडतात; पंधरा मिनिटं चाललं तर तेही वाचतात.

जेवणाची काळजी असलेल्यांनी निशिकासाई बघावं. टोकियोच्या एडोगावा वॉर्डातला हा भाग भारतीयांची वस्ती म्हणून ओळखला जातो. २०१९मध्ये या वॉर्डाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते. भारतीय खानावळी, किराणा सगळं आहे. तिथून बसने कासाई-रिंकाई-कोएन स्टेशन गाठायचं, पुढचं स्टेशन माइहामा.

बेरीज

आई-बाबा, चौदा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा. ८,९०० येनचा दिवस. तिकिटं १७,८०० अधिक ७,४०० अधिक ५,३००, मिळून ३०,५०० येन. एका राइडचं प्रीमियर ॲक्सेस २,०००च्या हिशेबाने ८,०००. दोन वेळचं जेवण आणि किरकोळ खाणं १४,०००. रेल्वे-मोनोरेल २,०००. एक बादली ३,०००. एकूण ५७,५०० येन, म्हणजे साधारण साडेचौतीस हजार रुपये. दुप्पट धरली असती तर ६१,००० झाले असते, म्हणजे फार चुकलं नसतं. डबा नेला, ॲक्सेस टाळलं, बादली नाकारली तर हाच दिवस पंचवीस हजारांच्या आत बसतो. दोन्ही पार्कं करायची तर सगळं दुणा करा, पण दोन दिवस सलग ठेवू नका.

भारतातून क्रेडिट कार्डाने पैसे भरताना परकीय चलनाचं शुल्क दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, तो या बेरजेत नाही. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच सुरू करून घ्या. आपली कार्डं त्या संकेतस्थळावर कधीकधी अडतात, मग अधिकृत विक्रेत्याकडून तिकीट घ्यावं लागतं. प्रवास कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस कापला जाईल. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण पावती जपून ठेवा. पॅकेजमध्ये ‘डिस्नी सहल’ लिहिलेलं असेल तर तीन गोष्टी लेखी मागा: पार्क कुठलं, तारीख कुठली, आणि बस दारात किती वाजता सोडणार. साडेदहाला पोहोचवणाऱ्या बसने दिवसातले सगळ्यात किमती दोन तास तुमच्या खिशातून काढलेले असतात.

राइडमागे किती पडलं हे काढायची पद्धत कुठल्याही पार्कला लागू आहे. खोपोलीजवळचं इमॅजिका मे महिन्यातल्या रविवारी आणि जुलैतल्या मंगळवारी पाहून या, भागाकार किती वेगळा येतो ते दिसेल. आपल्याकडे पार्कांच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे (जानेवारी २०१८पर्यंत २८ होता), तेव्हा जाहिरातीतला दर करासकट आहे की कराविना, एवढं विचारा.

टोकियोचं तिकीट दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. ज्या दिवशी जायचं त्याच्या बरोबर दोन महिने आधी, जपानी वेळेप्रमाणे दुपारी दोन वाजता, विक्री खुली होते. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात.